जवळचा फटका

आमची ताई व्यावसायिक गोल्फपटू होती असं मी सांगितलं, की समोरचा माणूस आधी ताईचं वय विचारतो, मग माझ्याकडे नीट बघतो आणि मग हवापाण्याचं बोलायला लागतो. मी मनाला लावून घेत नाही. पाणीपट्टीच्या कचेरीत तक्रार विभागात बसून बसून लोकांचा कशावर विश्वास बसतो आणि कशावर नाही, हे मला आता चेहऱ्यावरून कळतं. नळाला पाणी येत नाही पण बिल येतं, हे कोणालाही पटतं. एका बाईने चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा गोल्फची काठी हातात धरली आणि पुढे तोच तिचा पेशा झाला, हे कोणालाच पटत नाही. मला स्वतःलाही ते पटायला बराच काळ लागला, आणि मी तर सगळा वेळ तिच्यामागून तिच्या काठ्यांची पिशवी घेऊन चालत होतो.

सुरुवात खांद्यापासून झाली. ताई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. हात इतका हलका, की सुई टोचून, रक्त घेऊन, वर कापूस लावून झाला तरी माणसं डोळे मिटून "झालं की सांगा हं" म्हणत बसलेली असायची. लहान मुलांचे आईबाप तिची ड्यूटी कधी असते ते फोन करून विचारायचे. त्याच हाताचा खांदा एके दिवशी आखडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "दोन्ही हातांत एखादी काठी धरा आणि लंबकासारखी झुलवा. सावकाश." घरात काठी नव्हती. छत्री होती. माझी छत्री.

(ताईने लग्न का केलं नाही, ती आमच्याकडेच का राहते, हे प्रश्न मी इथे घेत नाही. ते आमच्या सोसायटीने पूर्वीच घेऊन, चर्चा करून निकालात काढलेले आहेत.)

छत्री थोडे दिवस सावकाश झुलली. मग ताईला त्यात गोडी वाटायला लागली असावी, कारण एका सकाळी मी दाढी करत असताना हॉलमधला दिवा फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ताईचा शांत आवाज आला, "पायात चप्पल घालून या सगळ्यांनी." बायकोने काचा गोळा केल्या आणि म्हणाली, "वन्सं, हे बाहेर मोकळ्यावर केलंत तर? गावाबाहेर ते गोल्फचं मैदान आहे ना, तिथे सकाळी कोणालाही जाता येतं म्हणे." तिच्या मनात फक्त उरलेले दिवे होते, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

मी सोबत गेलो, कारण घरात गाडी मला एकट्यालाच चालवता येते. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक मोठ्या घटना ह्या एकाच कारणाने घडल्या आहेत. तिथे सरावाची एक जागा होती. भाड्याने काठी आणि टोपलीभर चेंडू मिळत. समोर नुसतं गवत, लांब लांब. एका कोपऱ्यात खुर्ची टाकून तिथले मास्तर बसलेले असत. म्हातारे होते, आणि शिकायला आलेल्या लोकांना बसल्या जागेवरून "मान खाली" एवढंच सांगत.

आधी मी मारला. पुरुष म्हणून मला ते करून दाखवणं भाग वाटलं. चेंडू जागेवर राहिला आणि काठी लांब गेली. ती आणायला मी भर गवतात चालत गेलो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या लोकांना मारायचं थांबवावं लागलं. परत येईपर्यंत माझी शोभा पुरेशी झाली होती. मग ताई उभी राहिली. तिने छत्रीसारखीच काठी मागे नेली, सावकाश, आणि पुढे आणली. 'टक' असा फार छोटा आवाज झाला. चेंडू कुठे गेला ते मला दिसलंच नाही, कारण मी तिच्या पायाजवळ शोधत होतो.

मास्तर खुर्चीवरून उठले.

"ह्याआधी कुठे खेळत होता?" त्यांनी विचारलं.

"खेळत नव्हते. रक्त काढते."

मास्तरांनी ह्यावर थोडा विचार केला आणि म्हणाले, "पुन्हा काढा बरं."

खांदा महिनाभरात सुटला. ताई जायची काही थांबली नाही. लॅबच्या आधी सकाळी जायची, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत थांबायची. बायकोने एकदा न राहवून विचारलं, "वन्सं, त्यात एवढं आहे तरी काय?" ताई म्हणाली, "अगं, त्या चेंडूला दुखत नाही. एवढी वर्षं मी ज्याला म्हणून हात लावलाय ना, त्याने आधी तोंड वाकडं केलंय." आम्ही दोघं हसलो. ती हसत नव्हती हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

आता गोल्फमध्ये दोन प्रकारचे फटके असतात, हे मला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक लांबचा, ज्यात चेंडू आकाशात जातो आणि बघणारे वाहवा करतात. दुसरा जवळचा. झेंड्याजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू आला की तो हळूच भोकात ढकलायचा. बघायला हा पोरखेळ वाटतो. मास्तर म्हणत, लांबच्या फटक्याने टाळ्या मिळतात आणि जवळच्या फटक्याने जेवण. ताईचा जवळचा फटका बघण्यासारखा होता. तोच हलका हात. चेंडूला ढकलल्याचं कळू न देता ती ढकलायची.

त्याचा सराव घरात व्हायला लागला. आमच्या लांबट बोळात एका टोकाला ताई आणि दुसऱ्या टोकाला आडवा ठेवलेला स्टीलचा पेला. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वकीलकाकांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. मग बैठक झाली. वकीलकाका निवृत्त असले तरी उभं राहूनच बोलले.

"सकाळी माझ्या डोक्यावरून काहीतरी गडगडत जातं, थांबतं आणि टणकन वाजतं. मग शांतता. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार शांततेबद्दल आहे. पुढचा आवाज कधी येणार ह्याची वाट बघण्यात माझी सकाळ जाते."

सेक्रेटरींनी नियमावली चाळली. तीत कुत्रा होता, पोपट होता, पिठाची गिरणी होती. चेंडू नव्हता. शेवटी गालिचा घालावा असं ठरलं, आणि बायकोचा हॉलमधला चांगला गालिचा बोळात गेला. तेव्हापासून आमच्याकडे येणारे पाहुणे उघड्या फरशीवर पाय ठेवून बसतात आणि ताई गालिच्यावर उभी असते. बायको ह्यावर काही बोलली नाही. न बोलण्याची तिची एक पद्धत आहे, ती मला ऐकू येते.

ताईने व्यावसायिक व्हायचं ठरवलं हे आम्हाला मास्तरांकडून कळलं. व्यावसायिक म्हणजे हौसेखातर नव्हे, बक्षिसासाठी स्पर्धा खेळणारे. त्यासाठी परीक्षा असते, परवाना असतो आणि मुख्य म्हणजे लॅब सोडावी लागणार होती. मी ताईला समोर बसवून समजावलं. ह्या वयात, ह्या काळात, भविष्याचा विचार, वगैरे. भाषण चांगलं झालं. ताईने पूर्ण ऐकून घेतलं.

"मला कळतंय रे तू काय म्हणतोस ते," ती म्हणाली. "पण मला रोज उठून तिथेच जावंसं वाटतं. असं मला आजवर कशाचंच वाटलं नव्हतं. ते वाटतं कसं, हेच माहीत नव्हतं. आता कळलंय, तर मी काय करू?"

ह्याला तक्रार विभागात उत्तर नसतं. मी "बघ बुवा" म्हणालो.

परवान्यासाठी आम्ही संघटनेच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या साहेबांनी वर न बघता विचारलं, "परीक्षेला बसणारी मुलगी कुठे आहे?"

"मीच आहे," ताई म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "आणि हे?"

"हा माझी पिशवी उचलतो."

मला हे तिथेच, त्या खिडकीपाशी, पहिल्यांदा कळलं.

पुढे अडचण अशी आली, की त्यांच्या संगणकात जन्मवर्षाची जी यादी होती ती ताईच्या वर्षापर्यंत पोचतच नव्हती. साहेबांनी बोट दाबून धरलं, यादी खाली खाली गेली आणि बरीच अलीकडे येऊन थांबली. "हे शेवटचं आहे," ते म्हणाले. "हेच टाकू का? कोण बघतंय?" ताई म्हणाली, "नको. माझं आहे तेच टाका." मग त्या संगणकाचा माणूस सुट्टीवर होता, तो आला, मग त्याचा वरिष्ठ सुट्टीवर गेला. ह्या घोळात एक परीक्षा हुकली. उशिरा सुरुवात केलेल्या माणसाला आणखी उशीर करण्याची सोय आपल्याकडे सगळीकडे असते. पुढच्या परीक्षेला ताई बसली आणि पास झाली. खाली बसल्यावर गुडघ्यावर हात टेकून उठायची, पण पास झाली.

मग आमचे दौरे सुरू झाले. पहिल्या रजेच्या वेळी माझ्या साहेबांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं, की बहिणीची पिशवी उचलायची आहे. साहेब म्हणाले, "तिथे हमाल मिळत नाहीत का?" ते ऐकून शेजारच्या टेबलावरचे दोघं फायलीत तोंड घालून हसले. मी त्यांना समजावू शकलो असतो, की गोल्फमध्ये पिशवी उचलणारा हा खेळाडूचा सल्लागार असतो, वारा कुठून येतोय, अंतर किती आहे, हे तो सांगतो. पण खरं म्हणजे मी ताईला वाऱ्याबद्दल एकदाच सांगितलं होतं आणि तिने मला पुन्हा सांगू नकोस असं सांगितलं होतं.

स्पर्धेतल्या बाकीच्या मुली विशीतल्या. त्यांच्यासोबत प्रशिक्षक, आईबाप, मनाची तयारी करून घेणारे वेगळे, आहार सांगणारे वेगळे. ताईसोबत मी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. पहिल्या दिवशी मुली तिला आंटी म्हणाल्या. दुपारी त्यांतल्या एकीच्या तळव्यात लाकडाचं कुसळ घुसलं. सगळा तांडा जमला, आणि ते कुसळ कोणालाच काढता येईना. ताईने पिशवीतून सुई काढली, मुलीचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. मुलगी डोळे मिटून म्हणाली, "काढताना सांगा हं." ताई म्हणाली, "डोळे उघड, केव्हाच निघालं." त्या संध्याकाळपासून तिथे ती सगळ्यांची ताई झाली. ही मुलगी केस उंच बांधायची, म्हणून आम्ही घरी तिला पोनीटेल म्हणायचो. पुढे तिचं बरंच नाव झालं.

स्पर्धा चार दिवसांची, पण दोन दिवसांनंतर खालच्या अर्ध्या खेळाडूंना घरी पाठवतात. ह्याला कट म्हणतात. पहिल्या मोसमात आम्ही प्रत्येक वेळी कट झालो. इतक्या नेमाने, की बायको दोनच दिवसांचे कपडे भरून द्यायला लागली. आणि एका स्पर्धेत, फलकावर बघतो तर ताईचं नाव रेषेच्या वर. मी दोनदा बघितलं. ताई म्हणाली, "अरे, आता उद्या घालायचं काय?" ताईने आदल्या दिवसाचा शर्ट लॉजच्या बादलीत धुतला. माझा काही वाळला नाही. मी उरलेले दोन दिवस ताईचा झोपताना घालायचा टी-शर्ट घालून पिशवी वाहिली. तो गुलाबी होता आणि त्यावर फुलपाखरू होतं. टीव्हीवाले आले होते. माझे साहेब गोल्फ बघतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

ताई चौथी आली. पोनीटेल पहिली. दोघींचा गळ्यात गळे घातलेला फोटो पेपरात आला आणि खाली छापलं होतं, 'विजेती आपल्या आईसोबत'. पोनीटेलच्या खऱ्या आईने पेपरला फोन करून भांडण काढलं. आम्हीही फोन करावा असं मला वाटत होतं. ताईने तो फोटो कापून फ्रिजवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः वाचून दाखवला. मी तिला त्या दिवसांत जितकं हसताना बघितलं तितकं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "अजून दहा वर्षं सहज खेळेन मी. मास्तर म्हणतात, गुडघे सांभाळ, बाकी सगळं राहतं."

आम्ही गुडघे सांभाळले. तेल आणलं, पट्टे आणले, जिना चढायला बंदी केली. वकीलकाकांनी पायांचा व्यायाम आखून दिला. सगळ्या घराचं लक्ष गुडघ्यांवर होतं.

पुढच्या मोसमात ताईचे जवळचे फटके चुकायला लागले. एखाददुसरा चुकतोच, त्याचं काही वाटलं नाही. मग अगदी हाताच्या अंतरावरचे चुकायला लागले. ताई चेंडूवर वाकायची आणि वाकूनच राहायची. लांबचा फटका मात्र पूर्वीइतकाच सुरेख.

गोल्फमध्ये हा एक ओळखीचा रोग आहे म्हणे. चांगल्या चांगल्यांना जवळच्या फटक्याची भीती बसते. ती मनात असते. त्यामुळे उपायही सगळ्यांकडे असतो. मास्तरांनी काठी बदलली. आखूड दिली, मग छातीपर्यंत येणारी लांब दिली. पोनीटेलने श्वास मोजायला शिकवलं. बायकोने वाचून सांगितलं की डावा हात खाली आणि उजवा वर धरावा. सेक्रेटरींचे मेहुणे मनोविकारतज्ज्ञांकडे कारकून होते, त्यांनी तेवढ्या अधिकारावर सांगितलं की हा लहानपणी दाबलेला राग आहे. माझ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि डोळे मिटून मारायला सांग म्हणाले. मी ताईला हे सगळं पोचवलं. ताईने सगळं करून बघितलं. एका स्पर्धेत तिने लांब काठी, उलटे हात, मिटलेले डोळे आणि मोजलेले श्वास हे एकत्र केलं आणि चेंडू बाजूच्या वाळूच्या खड्ड्यात गेला. सगळे हसले, तीही हसली. परतताना गाडीत ती म्हणाली, "मला भीती वाटत नाही रे. सगळे म्हणतात भीती आहे. मी शोधते आतमध्ये, सापडत नाही."

मी म्हणालो, "दडून बसली असेल." मला ते बोलणं तेव्हा फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

एका रविवारी वकीलकाका वर आले. चहाला नको म्हणाले. ताई मैदानावर गेली आहे ना, ह्याची खात्री करून घेतली आणि मग खुर्चीच्या कडेवर बसले.

"तक्रार नाही," ते म्हणाले. "पण मी रोज ऐकतो. मला सवय झालेली आहे. पूर्वी एकच आवाज यायचा, काठी चेंडूला लागल्याचा. मग चेंडू गडगडत जायचा. आता त्याच्या आधी बारीक आवाज येतो. टकटकटक. जमिनीवर काठी थरथरल्यासारखा. गालिच्यातूनसुद्धा येतो." त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या भावाच्या हातातली कपबशी अशी वाजायची. तुम्ही एखाद्या डॉक्टरला दाखवा. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की तिनेही काहीतरी बघितलेलं आहे. नंतर तिने सांगितलं. ताई हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची, आणि कोणी बघितलं की म्हणायची, "गार वाटतंय."

मेंदूच्या डॉक्टरांनी ताईला बोटं मिटायला-उघडायला सांगितली, चालून दाखवायला सांगितलं, कागदावर चक्री काढायला सांगितली. चक्री मध्यापासून बाहेर येता येता बारीक आणि दातेरी होत गेली. डॉक्टर तरुण होते. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "करता काय?"

"गोल्फ खेळते."

"छान आहे छंद."

"छंद नाही," ताई म्हणाली. "तेच करते मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते कसं सांगावं ह्याची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात ताई म्हणाली, "पार्किन्सन आहे ना? मी लॅबमध्ये होते. अशी माणसं यायची. त्यांचा हात मी मांडीवर धरून ठेवायचे, मग सुई घालायचे." डॉक्टर हो म्हणाले. गोळ्यांनी बराच आराम पडतो म्हणाले, माणसं वर्षानुवर्षं चांगली राहतात म्हणाले. ते सगळं खरं होतं. ताईने विचारलं, "आणि जवळचा फटका?" त्यांना ते काय असतं ते माहीत नव्हतं. तिने खुर्चीतून उठून, हातात काही नसताना, करून दाखवलं. डॉक्टर बघत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक माणूस गाडी मागे घेत होता आणि दुसरा त्याला "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता.

ताईने कोणाला सांगायचं नाही असं बजावलं. मास्तरांना सांगितलं नाही, पोनीटेलला नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि ती खेळत राहिली. मी तिला बस कर म्हणालो नाही. बायको म्हणाली, "तुम्ही बोला ना." मी म्हणालो, "तू बोल." रजेसाठी साहेबांकडे गेलो तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही, नुसती सही केली. त्यांना कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. त्यांनी पूर्वीसारखं काहीतरी टोमण्याचं बोलावं असं मला त्या क्षणी फार वाटलं.

शेवटच्या स्पर्धेत दुसऱ्या दिवशी ताई आणि पोनीटेल एकाच गटात होत्या. ताई कटच्या आसपासही नव्हती. शेवटचा होल, म्हणजे शेवटचं भोक, उरला होता. तिथे पहिला फटका उंचावरून मारायचा असतो, समोर दोन्ही बाजूंना झाडं आणि मधे चिंचोळं गवत. ताई उभी राहिली. काठी मागे गेली, सावकाश, आणि पुढे आली. चेंडू उठला, झाडांच्या रेषेवरून किंचित डावीकडे झुकला आणि बरोबर मध्ये उतरला. वर उभ्या असलेल्या सगळ्यांच्या चेंडूंपुढे. पोनीटेल आपली काठी काखेत धरून टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या फटक्याने ताई हिरवळीवर आली. झेंडा चार पावलांवर होता.

तिथून ताईला सहा फटके लागले.

मी झेंड्याची काठी हातात घेऊन उभा होतो. तिच्या हातातली काठी चेंडूमागे थरथरत होती आणि आता तर ती थरथर दिसतही होती. चेंडू भोकापलीकडे जायचा, मग अलीकडे राहायचा. एकदा तर चेंडू जागेवर नुसता हलला आणि थांबला. पोनीटेल तेव्हा पाठ फिरवून लांबच्या झाडांकडे बघत होती. शेवटी चेंडू आत पडला. ताई वाकली, भोकात हात घालून तिने तो काढला आणि पदराला पुसावा तसा शर्टाला पुसला.

ह्या खेळात जितके फटके कमी तितकं चांगलं, आणि तुमचे फटके दुसरा खेळाडू लिहितो. टेबलापाशी पोनीटेलने कार्ड ताईपुढे सरकवलं. ताईने ते वाचलं.

"शेवटच्या होलवर सात लिहिलेत तू. आठ आहेत."

"मी सात मोजले, ताई."

"एकदा नुसता हलला होता बघ. तो तू धरला नाहीस. तू तिकडे बघत होतीस. आठ कर."

पोनीटेलने आठ केले. तिचं अक्षर गिचमीड आलं. मग ताईने सही केली. तिला वेळ लागला. टेबलामागच्या माणसाने दुसरी कामं काढली आणि ती करत राहिला.

बाहेर पोनीटेल आमच्यामागून आली. "पुढच्या महिन्यात भेटू ना?" तिने विचारलं.

"नाही गं," ताई म्हणाली. "माझं झालं आता." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिने तिला सांगितलं. अगदी दोन वाक्यांत. मी पिशवी उचलून गाडीकडे गेलो, कारण ते बघायला मला उभं राहवेना.

नंतरचं थोडक्यात सांगतो. ताई आमच्याकडेच आहे. गोळ्या वाढल्या आहेत. सकाळी शर्टाची बटणं बायको लावते, त्या वेळी दोघी दार लावून घेतात आणि आतून कधी हसण्याचा आवाज येतो, कधी नाही येत. काठ्या ताईने मास्तरांच्या सरावाच्या जागेला देऊन टाकल्या. सोसायटीतले लोक अजून सल्ले देतात, पण आता ते मला जिन्यात गाठून हळू आवाजात देतात. मी ऐकून घेतो. ते माझं कामच आहे.

पण त्या दिवशी परततानाचं सांगायचं राहिलं. ताई शेजारच्या सीटवर होती. हात मांडीवर, एक हात दुसऱ्याखाली धरलेला. मी काहीतरी गमतीचं आठवत होतो, आणि एरवी मला ते हवं तेव्हा सुचतं. ऊन उतरलं होतं आणि समोरून येणाऱ्या गाड्या एकेक करून जात होत्या.

"त्या शेवटच्या होलवरचा पहिला फटका," ताई म्हणाली. "त्या वेळी हात मुळीच हलला नाही."

"बघितलं मी."

एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"नक्की बघितलास ना तू?"

"बघितला, ताई," मी म्हणालो. "सगळा बघितला."